दौंडचं यार्ड, घरातल्या टेबलावर



लहान रेल्वे म्हटलं की बहुतेकांना रुळांचा एक गोल आठवतो आणि त्यावर फिरत राहणारी गाडी. मुलांना ती आवडते, मोठ्यांनाही आवडते. पण आमच्या कुरकुंभजवळच्या दौंड जंक्शनवर जी रेल्वे आम्ही बघत आलो, ती कधी नुसती फिरत नाही. तिथं कुठलीही वाघीण, म्हणजे मालडबा, हलली, तर तिला काही काम असतं. कुणाचं खत आलेलं असतं, कुणाची साखर जायची असते, कुठं रिकामी वाघीण हवी असते. हे काम घरातल्या लहान रेल्वेवर जसंच्या तसं करता येतं. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

अमेरिकेत १९४० च्या दशकात फ्रँक एलिसन नावाच्या गृहस्थांनी आपल्या घरातल्या ‘डेल्टा लाइन्स’ या रेल्वेबद्दल लिहिताना एक विचार मांडला. लहान रेल्वे म्हणजे रंगमंच. गाड्या ही पात्रं आणि वेळापत्रक हे नाटक. पुढं १९६१ मध्ये डग स्मिथ यांनी ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकातून मालवाहतुकीसाठी कार्डांची पद्धत सांगितली. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड करायचं, त्यावर तिचा प्रकार आणि नंबर. कार्डाला एक खिसा, आणि त्या खिशात एक लहान चिठ्ठी: कुठून, कुठं, कुठला माल. थोडीफार आपल्या रेल्वे पावतीसारखी. माल पोचला की चिठ्ठी उलटायची, मागच्या बाजूला पुढचा प्रवास लिहिलेला असतो. आता गाडी कशी जोडायची हे आपल्या लहरीवर राहत नाही. चिठ्ठ्या वाचायच्या आणि त्याप्रमाणे शंटिंग, म्हणजे वाघिणींची सोडव-जोड, करायचं.

या पद्धतीसाठी महाराष्ट्रात दौंडइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही. पुणे-सोलापूर ही मुख्य लाइन. तिला १८७८ मध्ये मनमाडची लाइन येऊन मिळाली. ती दौंडच्या पुण्याकडच्या टोकाला फुटते आणि भीमा ओलांडून काष्टी, श्रीगोंद्याकडं जाते. त्यामुळं सोलापूरहून मनमाडला जाणारी गाडी सरळ निघून जाई. पुण्याहून मनमाडला जाणाऱ्या गाडीला मात्र दौंडला येऊन तोंड फिरवावं लागे. दौंडला इंजिन बदलताना फलाटावर चहा घेतलेले प्रवासी आपल्यात पुष्कळ असतील. आता पुण्याची आणि मनमाडची लाइन थेट जोडणाऱ्या कॉर्ड लाइनमुळं ती गरज उरलेली नाही. पण घरातल्या रेल्वेवर हे तोंड फिरवणंच खेळाचा गाभा आहे.

मालगाडीचं उदाहरण घ्या. पुण्याहून गाडी आली. इंजिन सोलापूरच्या बाजूला, गार्डाचा ब्रेकव्हॅन पुण्याच्या बाजूला. आता जायचं आहे उलट दिशेनं. इंजिन सोडवायचं आणि शेजारच्या लूप लाइनवरून दुसऱ्या टोकाला न्यायचं. पण तिथं ब्रेकव्हॅन आहे, आणि तो गाडीच्या शेवटीच हवा. म्हणून इंजिननं तो काढून घ्यायचा, लूपवरून ढकलत सोलापूरच्या टोकापलीकडं नेऊन उभा करायचा, मग स्वतः लूपवरून परत पुण्याच्या टोकाला येऊन गाडीला लागायचं आणि गाडी मागं ढकलून ब्रेकव्हॅनला जोडायची. एवढं होईपर्यंत लूप अडलेली. तेवढ्यात सोलापूरहून मेल आली तर तिला कुठली लाइन द्यायची? मालगाडी मेलला अडवत नाही, तेव्हा शंटिंग मध्येच थांबवून वाट बघायची. हे थांबणंसुद्धा काम आहे, आणि मला त्यातच जास्त रस वाटतो. चालत्या गाडीकडं कुणीही बघेल; उभ्या गाडीला उभं राहण्याचं कारण असलं की यार्ड खरं वाटू लागतं.

दौंडचं दुसरं वैभव म्हणजे बारामतीची लाइन. १९१४ ची ही शाखा तेव्हा अडीच फुटी, म्हणजे नॅरो गेज. मोठ्या रुळांवरची वाघीण बारामतीला जाऊच शकत नव्हती. बारामतीचा गूळ दौंडला आला की हमालांनी तो छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत भरायचा, आणि बारामतीकडं जाणारा माल उलटा. लहान रेल्वेत अशा दोन रुंदींच्या रुळांची सोय आपोआप होते. एचओ हे जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण, एकास सत्त्याऐंशी. आपली अडीच फुटी लाइन म्हणजे ७६२ मिलिमीटर. तिला ८७ नं भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात एन गेजचे नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात, ते जवळपास बरोबर बसतात. आपली मोठी लाइन मात्र १६७६ मिलिमीटर, म्हणजे १९ मिलिमीटरांहून थोडी जास्त यायला हवी. एचओचे रूळ साडेसोळाचे. हा फरक बहुतेक जण चालवून घेतात, आणि घ्यावाच, असं माझं मत आहे. रुळांची रुंदी अडीच-तीन मिलिमीटरनं चुकली तर कुणाचं अडत नाही. गाडीचा वेग चुकला तर सगळंच खोटं दिसतं.

वेगाचा हिशेब सोपा आहे. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी मालगाडी या प्रमाणात सेकंदाला जेमतेम तेरा सेंटिमीटर जाते. यार्डातलं ताशी १५ किलोमीटरचं शंटिंग म्हणजे सेकंदाला पाच सेंटिमीटरहूनही कमी. जोडणी करताना त्याहून हळू. घड्याळ मात्र जलद ठेवायचं: घरातला एक तास म्हणजे रेल्वेचे सहा तास, म्हणजे चार तासांत दौंडचा एक दिवस होतो.

चार माणसं जमली तर आणखी चांगलं. एक यार्ड मास्तर, एक कंट्रोलर, एक ड्रायव्हर, एक सांधेवाला. मनमाडकडची एकेरी लाइन असेल, तर टोकनचा नियम पाळायचा. अशा मार्गांवर देशभर नील यांच्या यंत्रातला धातूचा गोळा ड्रायव्हरला दिला जाई; गोळा हातात नसेल तर पुढच्या स्टेशनाकडं निघायचं नाही. घरी एखादा चेंडू पिशवीत घालून दिला तरी चालतो, नियम तेवढा कडक हवा.

इथं एक निवड मात्र करावीच लागते, काळाची. चिठ्ठ्यांचा हा सगळा खेळ १९७० च्या आसपासच्या दौंडचा आहे, सुट्या वाघिणींचा. १९८० नंतर आपल्या रेल्वेनं सुट्या वाघिणींची वाहतूक कमी करत नेली आणि अख्ख्या रेकची वाहतूक धरली. बीसीएन या बंद वाघिणींचा ४२ चा रेक एकाच मालानं भरतो आणि एकाच ठिकाणी जातो. एचओ प्रमाणात तो सुमारे सात मीटर लांब होतो, कुणाच्या खोलीत मावायचा? दहा-बारा वाघिणींवर भागवावं लागतं. आजचं दौंड करायचं तर प्रश्न वेगळे: रेक मालधक्क्याला कधी लागला, रेल्वेनं दिलेल्या मोकळ्या वेळेत रिकामा झाला का, की डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, पडला. त्यातही गोडी आहे. पण दोन्ही काळ एका टेबलावर मिसळू नयेत.

जागा नसेल तर इंग्लंडच्या ॲलन राइट यांनी सुचवलेली इंगलनुक सायडिंग करा. तीन सायडिंग: एकीत पाच वाघिणी मावतात, दोहोंत तीन-तीन. एकूण आठ वाघिणी. त्यांतल्या पाच चिठ्ठीनं निघालेल्या क्रमानं लावायच्या. असे क्रम ६७२० होतात. एका फळीवर हे मावतं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं लहान रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मुलांना घेऊन जरूर जा. सिग्नल, स्टेशनं, उड्डाणपूल सगळं तिथं चालतं-बोलतं आहे. पण दौंडच्या यार्डात कुठल्या लाइनवर काय उभं राहत असे, बारामतीच्या गाडीला रोज किती वाघिणी लागत, गुळाच्या हंगामात धक्का कसा पुरवत, हे तिथं सापडणार नाही. ते आहे निवृत्त सांधेवाले, गार्ड, यार्ड मास्तर आणि धक्क्यावरच्या हमालांच्या आठवणीत. त्यांतले पुष्कळ जण आता थकले आहेत.

म्हणून दौंड, पाटस, कुरकुंभ, काष्टी भागातल्या जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांना माझी विनंती आहे. एक वही घ्या. तुमच्या वेळच्या यार्डाचा नकाशा हातानं काढा, लाइनींना नंबर द्या आणि एका दिवसाचं काम सकाळपासून रात्रीपर्यंत लिहा. आणि घरातल्या तरुणांनो, आजोबांना लिहिणं जमत नसेल तर त्यांच्याजवळ बसून तुम्ही लिहून घ्या.