मंडळात नव्या भगिनी कशा येतील?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याचा सराव नाही. पण आपण सर्वांनी आग्रह केला, म्हणून उभी राहिले आहे. मोठे विषय मोठ्यांनी मांडावेत. मी आपल्या घरातलाच प्रश्न घेते. मंडळात नव्या भगिनी कशा येतील?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपली खोली भरून जाते, चपला ठेवायला जागा उरत नाही. पण महिन्याच्या बैठकीला पाहावे तर तेच दहा-बारा चेहरे. त्यांतल्या निम्म्या जणींना आता जिना चढवत नाही. शिवणाची दोन यंत्रे कापड घालून झाकून ठेवली आहेत. अशीच आणखी पाच वर्षे गेली, तर कपाटाची किल्ली कोणाच्या हाती द्यायची?

आपण फलक लावतो, फोनवरच्या गटात निरोप टाकतो. निरोपावर हात जोडल्याची चित्रे पुष्कळ येतात, बैठकीला मात्र माणूस येत नाही. निरोपाने बातमी कळते, भगिनींनो. माणूस येतो तो बोलावण्याने, आणि टिकतो तो आपल्याला येथे जागा आहे असे वाटल्याने.

आपल्या आधीच्या बायकांनी हे ओळखले होते. 1852 साली सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात महिला सेवा मंडळातर्फे तिळगुळाचा समारंभ केला, तेव्हा कोणत्याही जातीधर्माची बाई आली तरी सर्वांना एकाच जाजमावर बसवून हळदीकुंकू देण्याचे ठरविले होते. त्या काळी ही केवढी धिटाईची गोष्ट! पुढे 1909 साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम आपल्याच वाड्यात सुरू केले. तेथे येणाऱ्या बाईला लिहिणे-वाचणे, शिवण, रुग्णसेवा असे काही तरी पदरात पडे. आणि 1959 साली मुंबईस गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्यातून लिज्जतचा उद्योग उभा राहिला. तेथे बायका पीठ घरी नेतात आणि सवडीने पापड लाटून आणतात. एकीने बसायला जागा दिली, दुसरीने विद्या दिली, आणि या सात जणींनी कामच घरापर्यंत पोचविले. फलकापेक्षा या तीन गोष्टींत जास्त ओढ आहे.

आता आपल्या सोलापूरचे पाहू. आपल्या मागच्या गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या किती तरी भगिनी घरोघरी विड्या वळतात. सकाळी विड्या कारखान्यात द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन यायचे आणि रात्रीपर्यंत मांडीवर सूप घेऊन बसायचे. गेल्या वर्षी आमंत्रण द्यायला मी त्यांच्यापैकी एकीच्या दारात गेले. ती म्हणाली, "ताई, तुमची बैठक चारला. मी चारला उठले तर माझ्या विड्या कोण पुऱ्या करणार?" आधी पोटोबा मग विठोबा, यात तिचे काय चुकले? मी म्हटले, "अक्का, मग सूप घेऊनच या."

हे कार्यकारिणीत सांगितले, तेव्हा थोडी कुरकुर झाली, हे आपणांस ठाऊकच आहे. जेथे भजन होते तेथे तंबाखूचा वास कसा चालेल, असे काहींचे म्हणणे पडले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते, कारण तंबाखूची धूळ कोणाच्याच छातीला चांगली नाही. म्हणून महिन्यातली एक बैठक बाहेरच्या ओट्यावर, मोकळ्या हवेत घ्यायचे ठरले. पहिल्या खेपेस तिघी आल्या, त्याही दाराकडे पाठ करून, संकोचून बसल्या. दुसऱ्या खेपेस पाच झाल्या. आज त्यांतल्या चौघी वर्गणी भरून सभासद आहेत आणि समोरच्या रांगेत बसल्या आहेत.

आपण त्यांना काय दिले? आपल्या एका सभासद भगिनीच्या मुलीने त्यांच्यापैकी दोघींचे भविष्यनिर्वाह निधीचे कागद वाचून अर्ज भरून दिले. आणि त्यांनी आपल्याला काय दिले? झाकलेल्या यंत्रांपैकी एक आता चालू आहे, कारण त्यांच्यातल्या एकीला शिवण उत्तम येते आणि तिने शिकविण्याचे पत्करले. नवरात्राच्या दिवसांत आपला भोंडला आणि त्यांची बतुकम्मा एकाच अंगणात झाली. फुलांभोवती काय नि हत्तीभोवती काय, फेर धरून गाणे दोघींकडेही आहेच. भाषा वेगळी म्हणून कोणाचे पाऊल अडले नाही.

यावरून मला जे सुचले ते थोडक्यात सांगते. प्रत्येकीने या वर्षी एका शेजारणीच्या घरी स्वतः जावे. पहिल्यांदा ती नाही म्हणेल, तर रागावू नये; महिन्याने पुन्हा जावे. येताना तिला बरोबर घेऊन यावे आणि आपल्या शेजारी बसवावे. नवी बाई दारात उभी आणि आपण आपसांत बोलतोय, असे होऊ देऊ नये. तिचे मूल कोणते, नवऱ्याला पगार किती, अशी चौकशी पहिल्याच दिवशी करू नये. तीन बैठका झाल्याशिवाय वर्गणी मागू नये. नोकरीवाल्या सुनांसाठी एखादी बैठक रविवारी सकाळी ठेवावी. आणि मुख्य म्हणजे तिला लवकर काही काम सोपवावे. हजेरी लिहिण्याचे का असेना. पाहुणी दोनदा येते, घरची रोज येते.

गाव करी ते राव न करी, असे आपल्यात म्हणतात. मंडळ म्हणजे असा एक छोटा गावच आहे, आणि गावाला वेस असली तरी तिला दार असावे लागते. ते उघडे ठेवणे हे पदाधिकाऱ्यांचेच काम नाही, ते आपल्या प्रत्येकीचे आहे.