शेवगा : शेंग बाजाराला, पाला ताटाला



अंबडच्या शिवारात आता कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तरी आसपासच्या मळ्यांत, विहिरीच्या कडेला, गोठ्यामागं शेवग्याचं एखादं झाड असतंच. उन्हाळ्याच्या तोंडाला शेंगा लोंबतात. त्यांच्या जुड्या बांधून आपण नाशिकच्या बाजारात पाठवतो, मोडक्या-वाकड्या घरी आमटीत टाकतो. हंगाम संपला की फांद्या छाटून पाला शेळीपुढं. म्हणजे झाडाचा सर्वांत कसदार भाग शेळी खाते, आणि घरातली बाई रक्त कमी म्हणून दवाखान्यात जाते!

शेंग वाईट आहे असं नव्हे. तिच्यात 'क' जीवनसत्त्व आहे, चोथा आहे, पोट साफ राहतं. पण पाल्याची गोष्ट वेगळी. १०० ग्रॅम ओल्या पाल्यात प्रथिनं ६ ग्रॅमच्या वर, शेंगेत साधारण अडीच. चुना, म्हणजे कॅल्शियम, पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या पुढं; तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. लोह आहे, डोळ्यांसाठी लागणारं 'अ' जीवनसत्त्वही शरीराला त्यातून मिळतं. अर्थात दुधाएवढा पाला रोज कोणी खात नाही, म्हणून पोरांचं दूध तोडू नका. दूध राहू द्या, पाला वाढवा.

पाला निवडायचा कंटाळा येतो, हे खरं. त्याला घरगुती तोड आहे. कोवळ्या डहाळ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी झटकल्या की पानं आपोआप गळतात. दोन पाण्यांनी धुवा. तेलावर लसूण, मिरची, कांदा परतून भिजवलेली मूगडाळ घाला, वर पाला, आणि झाकण ठेवून शिजवा. उकळून पाणी ओतून देऊ नका, त्याबरोबर सत्त्वही जातं. तेलात कंजुषी नको. 'अ' जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं तेल लागतंच. भाकरीबरोबर वरून लिंबू पिळा, लोह चांगलं लागू पडतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो. तासभर थांबा.

कोकणात गोकुळाष्टमीला ही भाजी करतात. आपल्याकडं काही घरांत शेवगा दारात नको म्हणतात. फांद्या ठिसूळ, पावसाळ्यात केसाळ अळ्या पडतात, म्हणून दारापासून चार हात लांब लावा. पोरांना वर चढू देऊ नका. पण लावा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. द्राक्षबागेच्या बांधावरचा पाला खाऊ नका. बागेवर मारलेलं औषध वाऱ्यानं त्या झाडावर येतं, आणि ते नुसत्या धुण्यानं पुरतं जात नाही. खायचं झाड बागेपासून दूर, परसात हवं.

शेवगा तीनशे रोगांवर चालतो असं कोणी सांगेल. तो अन्न आहे, औषध नव्हे. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच पाला खा. गरोदर बाईनं लोहाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात, आणि शेवग्याचं मूळ किंवा साल पोटात घेऊ नये.

जास्तीचा पाला सावलीत वाळवून कुटून ठेवा. 'क' जीवनसत्त्व बरंचसं जातं, पण चुना आणि लोह राहतं. पोरं भाजीला नाक मुरडत असतील, तर थालीपिठाच्या पिठात मूठभर मिसळा.