अठराव्या वर्षानंतर सोबत कोण?



‘दिव्यांग’ हा शब्द मी वापरत नाही. ‘हरिजन’ म्हणून आपल्याला देवाशी जोडलं गेलं आणि हक्काचा प्रश्न बाजूला पडला. तेच इथे होतं. मी अपंग विद्यार्थी म्हणेन आणि त्यांच्या अठराव्या वर्षाबद्दल बोलेन.

२०१६ च्या कायद्यातलं ३१ वं कलम चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क देतं. पुढे उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. पण शाळा सुटल्यापासून तिथपर्यंत पोचवायचं कुणी? शिक्षक, थेरपिस्ट, समाजकार्यकर्ती, पालक आणि कामाचं प्रशिक्षण देणारी व्यक्ती यांनी विद्यार्थ्यासोबत बसून प्रवास, पैसे, शिक्षण, नोकरी, मदतनीस हे सगळं ठरवायचं, ही टीमची कल्पना त्यासाठीच आहे.

मी संशोधन करते त्या चेन्नईत याचं ज्ञान कमी नाही. कोट्टूरपुरमची ‘विद्यासागर’ संस्था १९८५ पासून काम करते. मुट्टुकाडूला बहुविकलांगांसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. प्रश्न आहे तो तिथवर कोण पोचतं, हा.

कूवम आणि अड्यार नद्यांच्या काठच्या वस्त्या तोडून कुटुंबं कण्णगी नगर, पेरुंबाक्कमला शहराच्या दक्षिण टोकाला नेली गेली. त्यांत दलित कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. पेरुंबाक्कमच्या बहुमजली इमारतीत लिफ्ट बंद पडली, की व्हीलचेअरवरच्या मुलीचं कॉलेज वरच्या मजल्यावरच संपतं. आई घरकामाला शहरात जाते. टीमची बैठक मंगळवारी सकाळी अकराला ठेवली, तर तिची मजुरी बुडते. ती आली नाही, की फाइलीत शेरा पडतो: पालक उदासीन.

सवर्ण घरातल्या अपंग मुलाकडे एक न नोंदलेली टीम असते. बँकेतला मामा, ओळखीचे डॉक्टर, अर्ज भरून देणारी आत्या. याला कुणी आरक्षण म्हणत नाही. आपल्या मुलीला मात्र पाकिटं चिकटवायला शिकवतात आणि त्यालाच पुनर्वसन म्हणतात. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींमध्ये अपंगत्वाचं प्रमाण २.४५ टक्के होतं. अनुसूचित जाती-जमाती वगळता इतरांत २.१८. म्हणजे जिथे गरज जास्त, तिथेच सोबत कमी.

म्हणून सरकारी खर्चाने चालणारी टीम ही दया नाही. जातीने इतरांना जे वारशात दिलं, त्याची ती भरपाई आहे. ती चौदाव्या वर्षापासून, लेखी आणि विद्यार्थ्याच्या नावाने असावी. बैठक वस्तीत, संध्याकाळी किंवा रविवारी व्हावी. मजुरी बुडाली तर ती द्यावी. जातीचा आणि अपंगत्वाचा, दोन्ही दाखल्यांची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर असावी. टीममध्ये आपल्या समाजातली एक प्रौढ अपंग व्यक्ती हवीच. आणि आधी विद्यार्थ्याने बोलावं. बोलून, खुणांच्या भाषेत किंवा चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून.

हे फक्त चेन्नईचं नाही. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतची घरं तोडून माणसं माहुलला नेली, तिथेही हेच विचारा. तुमच्या वस्तीत यंदा अठरा पूर्ण करणारं अपंग मूल कोण आहे, त्याला काय व्हायचंय आणि त्याच्या सोबत कोण आहे, याची यादी या आठवड्यात करा. ती यादी घेऊन समाजकल्याण कार्यालयात एकत्र जाऊ.

जय भीम.