संगणक-दुरुस्तीचा खेळ आणि आपली मुले
(पालक व विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संगणकावरच्या खेळाविषयी या व्यासपीठावरून कोणी चार चांगले शब्द बोलेल, अशी आपली अपेक्षा नसेल. ‘पोरगा दिवसरात्र त्या गेममध्ये डोके घालून बसतो’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि ती खोटी आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु सर्व खेळ एकाच तागडीत तोलणे बरोबर नव्हे. मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे त्यात कोणाला मारायचे नसते, गाड्या पळवायच्या नसतात. त्यात बिघडलेला संगणक उघडायचा, दोष शोधायचा, दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा. त्याचे नाव ‘पीसी बिल्डिंग सिम्युलेटर’. सिम्युलेटर म्हणजे खऱ्या कामाची हुबेहूब नक्कल.

नक्कल करून काय शिकायचे, असे कोणी विचारील. त्यासाठी थोडे मागे जाऊ. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवेचे भाते असतात. त्या भात्यांचाच उपयोग करून लिंकने १९२९ साली जमिनीवर खिळलेले एक छोटेसे खोटे विमान तयार केले. आत बसून दांडा हलवला की ते खऱ्या विमानासारखे कलायचे, वळायचे. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखे करमणुकीच्या बागांत खपले! पुढे १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम पडले. धुक्यात व वादळात केवळ यंत्रे पाहून विमान चालवण्याचा सराव नसल्यामुळे कित्येकजण प्राणास मुकले. तेव्हा कोठे लष्कराने लिंकची यंत्रे विकत घेतली. करमणूक म्हणून हिणवलेली वस्तू शिक्षणाचे साधन होऊ शकते, हे येथे लक्षात घ्यावे.

आता आपला खेळ. याचे पहिले कच्चे रूप रुमेनियातील क्लॉडियू किस या तरुणाने तयार केले. पुढे ब्रिटनमधील ‘द इर्रेग्युलर कॉर्पोरेशन’ या कंपनीने ते हाती घेतले. मार्च २०१८ मध्ये अपुऱ्या स्वरूपात आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात हा खेळ बाजारात आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा दुसरा भागही निघाला. यातील बहुतेक सुटे भाग काल्पनिक नाहीत. इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, कोर्सेअर अशा कंपन्यांचे, दुकानात मिळतात तेच भाग, त्याच नावांनी पडद्यावर दिसतात.

खेळाची सुरुवात मोठी मजेची आहे. टिम नावाचा चाचा आपले दुरुस्तीचे दुकान पुतण्याच्या हवाली करून मोकळा होतो. दुकान आहे, गल्ल्यात मात्र फारसे काही नाही. गिऱ्हाइकांची पत्रे संगणकावर येतात. कोणाचे यंत्र मंद झाले आहे, कोणाचे सुरूच होत नाही. आपण काम स्वीकारायचे, बाजूचे झाकण उघडायचे, धूळ उडवायची, व्हायरस काढायचा, निकामी भाग ओळखून नवा मागवायचा. भाग लवकर हवा तर पोचवणावळ जास्त. थांबलात तर पैसे वाचतात, पण गिऱ्हाईक खोळंबते. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावायला विसरलात तर काम पुरे होत नाही. दुकानाचे भाडे भरायचे, बिले भरायची. काम चोख झाले तर गिऱ्हाईक चांगला शेरा देते; बिघडले तर नावाला बट्टा. ज्या घरात शिवणयंत्र, सायकल-दुरुस्ती किंवा गॅरेज यांवर चूल पेटते, त्या घरातील मुलाला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

यातून मुलाच्या हाती काय लागते? माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे क्रम. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, वीज पुरवणारा एसएमपीएस ही नावे कोणीही पाठ करील. परंतु अमुक प्रोसेसर तमुक मदरबोर्डवरच का बसतो, डीडीआर-३ जातीची रॅम डीडीआर-४ च्या खाचेत का जात नाही, ग्राफिक्स कार्ड दांडगे घेतले आणि एसएमपीएस लहान राहिला तर काय होते, हे परस्परसंबंध पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाहीत. खेळात दहा वेळा जोडणी केली, पाच वेळा अडले, की बसतात. शिवाय तेथे चूक स्वस्त आहे. खरा प्रोसेसर बसवताना वाकडा धरला आणि पिना वाकल्या तर हजारो रुपयांचा माल हकनाक जातो. या भीतीपोटीच आपण मुलांना संगणकाचे झाकण उघडू देत नाही.

मात्र विद्यार्थी मित्रहो, हा खेळ पुरा केला म्हणजे कारागीर झालो, असे समजू नका. खेळात माऊसचे बटण दाबून धरले की स्क्रू आपोआप फिरतो, वायर एका टिचकीसरशी आपल्या जागी जाते. खऱ्या स्क्रूची खाच झिजलेली असते, वायर आखूड पडते. खेळातला भाग एक तर चांगला असतो, नाहीतर खराब. प्रत्यक्षात निम्मी दुखणी या दोन्हींच्या मधली. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. दुकानदार याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. जाणता मेकॅनिक अशा वेळी लगेच नवा मदरबोर्ड आणायला सांगत नाही. तो आधी मॉनिटरची वायर पाहतो. मग रॅमची पट्टी काढतो, तिच्या सोनेरी कडेवर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवतो आणि पट्टी पुन्हा बसवतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहतो. कित्येकदा तेवढ्यानेच पडदा उजळतो. घड्याळ दर वेळी मागच्या तारखेला जात असेल तर मदरबोर्डवरचा रुपयासारखा दिसणारा सेल, सीआर-२०३२, बदलला की काम झाले. हे खोडरबराचे ज्ञान कोणत्याही सिम्युलेटरमध्ये मिळणार नाही. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, लहान लहान गाळ्यांत बसलेल्या माणसांच्या बोटांत आहे.

पालकहो, आता तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. मुलाने संगणक ‘शिकावा’ असे आपणा सर्वांना वाटते, पण शिकणे म्हणजे खुर्चीवर बसून टाइप करणे, एवढीच आपली समजूत आहे. पेचकस हातात घेतलेला मुलगा आपल्याला ‘मागे पडलेला’ वाटतो. हा समज मला घातक वाटतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये संगणक व माहिती-संचार यंत्रणेच्या देखभालीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. संगणक चालवणे व प्रोग्रॅमिंग यांचा ‘कोपा’ हा एक वर्षाचा आहे. या शाखांचा विचार घरात आधी व्हावा, इतर दारे बंद झाल्यावर नव्हे. आणि तो मुलींच्या बाबतीतही व्हावा. रॅमची पट्टी बसवायला मनगटाची ताकद लागत नाही, नजर आणि सबुरी लागते.

काम संपेल अशीही भीती नाही. विंडोज १० ची नियमित सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी ठरवलेल्या अटींत न बसणारी पुष्कळ धडधाकट यंत्रे त्यामुळे अडचणीत आली. त्यांतल्या अनेकांत हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून, लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालून ती शाळकरी मुलाच्या कामाला आणता येतात. हे करून देणारा माणूस गावात हवा. ग्राहकाला आपली वस्तू दुरुस्त करून वापरता यावी यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समितीही नेमली होती.

एक अडचण मात्र आहे. हा खेळ चालवायलाच बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. साध्या यंत्रावर तो अडखळतो. म्हणजे दुरुस्ती शिकण्यासाठी आधी महागडे यंत्र घ्या, असा हा उलटा न्याय! त्या खेळासाठी कोणी कर्ज काढावे असे मी मुळीच सांगणार नाही. ज्या घरी यंत्र आहे तेथे मुलाला रोज तासभर खेळू द्यावे, आणि अब्बांनी किंवा अम्मीने शेजारी बसून ‘हा भाग कशाला?’ असे विचारावे. सांगता आले तर तो शिकतो आहे. नाही आले तर नुसता वेळ घालवतो आहे.

ज्यांच्याकडे असे यंत्र नाही त्यांनी भंगारात जायला निघालेला एखादा बंद डेस्कटॉप मिळवावा. प्लग काढून ठेवावा. अंगातली स्थिर वीज नाजूक भागांना मारक असते, म्हणून आधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. उघडताना प्रत्येक पायरीचे चित्र वहीत काढावे आणि स्क्रू त्या त्या चित्राजवळ चिकटवून ठेवावेत. एसएमपीएसची पेटी मात्र विद्यार्थ्याने कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतकी वीज शिल्लक असू शकते. पहिल्या दिवशी फक्त रॅमची पट्टी काढून परत बसवावी. पट्टीवरची खाच व खोबणीतला उंचवटा जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्यावा. खिट्टी ‘टक्’ असा आवाज करून मिटली की पट्टी बसली.