'डिंगी' शब्दाची कुळकथा

भोपाळच्या मोठ्या तलावावर वारा सुटला म्हणजे पांढऱ्या शिडांच्या चिमुकल्या नौका कलत, वळत, एकमेकींना मागे टाकीत जाताना दिसतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या शहरी शीडनौकानयनाची राष्ट्रीय प्रशिक्षणशाळा आहे, हे ऐकून नवखा मनुष्य चकित होतो. या नौकांना इंग्रजीत 'डिंगी' म्हणतात, आणि शिकणारी मुले हा शब्द विलायती म्हणूनच पाठ करतात.

वस्तुतः तो येथलाच आहे. बंगालीत व हिंदीत 'डिंगी', 'डेंगी' किंवा 'डोंगी' म्हणजे नदीवरची लहान होडी. कधी एकाच खोडातून कोरून काढलेली. ही 'डोंगा' या शब्दाची लघुरूपे होत. कंपनी सरकारच्या काळात इंग्रज खलाशांनी तो उचलला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात तर हा शब्द केवळ हिंदुस्थानातील इंग्रजांचा राहिला नसून ब्रिटिश आरमाराच्या भाषेत रीतसर सामावला गेला आहे, जहाजावरच्या सर्वांत लहान होडीचे ते नाव आहे, असे नोंदविलेले आहे. पुढे त्याचा अर्थ पसरत गेला. जहाजावरून किनाऱ्यास नेणारी होडी ती डिंगी; दुसऱ्या महायुद्धात समुद्रात कोसळलेल्या वैमानिकांना तारणारी हवा भरलेली रबरी होडी तीही डिंगी; आणि आता शर्यतीची उघडी, लहान शीडनौका तीसुद्धा.

आपल्याकडे गुरांना पाणी पाजण्याची डोण असते. संस्कृतात 'द्रोणी' म्हणजे लाकडी कुंड, तशीच होडीही. तेव्हा डिंगीची नाळ थेट संस्कृतास जोडण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे. आणि शब्दांच्या देवघेवीत आपणही काही कमी ऋणी नाही. आपले 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आले आहे.

२०२३ साली चीनमधील हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत याच तलावावर शिकलेल्या नेहा ठाकूर या मुलीने रौप्यपदक मिळविले. देवास जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातली ही मुलगी. तिची नौका एकट्याने हाकावयाची, सुमारे सव्वाचार मीटर लांबीची, ४.७ चौरस मीटर शिडाची. त्या शर्यतीच्या अधिकृत नावातच 'डिंगी' हा शब्द आहे. बंगालच्या नद्यांवरून निघालेला शब्द जग हिंडून माळव्यातल्या मुलीच्या पदकावर परत आला!

मात्र परत येताना त्याने एक ओझे आणले. इंग्रजीत 'जी' या अक्षरापुढे 'वाय' आला की उच्चार पुष्कळदा 'ज' होतो. शिवाय 'डिंजी' म्हणजे मळकट असा निराळाच शब्द त्या भाषेत आहे. म्हणून उच्चार 'ग'च राहावा यासाठी तेथे मध्ये एक 'एच' घालतात. तो निव्वळ पहारेकरी आहे, त्याला स्वतःचा आवाज नाही. आपल्याकडे मात्र तो पाहून 'डिंघी' असे छापलेले आढळते. वर्गात मुलेही तसेच लिहितात. आपल्याच घरच्या शब्दाला परक्यांच्या स्पेलिंगवरून 'घ' चिकटविण्याचे काही कारण नाही. देवनागरीत 'ग' हा 'ग'च उच्चारला जातो. त्याला राखणदार लागत नाही. तेव्हा 'डिंगी' असेच लिहावे.