बोटीवाचून बुडी



समुद्राच्या पोटातलं जग पाहायचं तर खिसा जड हवा, असा आपल्याकडे समज आहे. तो अगदीच चुकीचा नाही. कॅरिबियन समुद्रातल्या बहुतेक बेटांवर पर्यटकांना बोटीनं प्रवाळांपर्यंत नेतात आणि तिथं बुडी मारायला लावतात. दोन बुड्यांच्या एका बोटफेरीला सहज शंभर डॉलरच्या वर पैसे पडतात. आठवडाभर रोज गेलं, तर नुसत्या बोटीवरच मोठी रक्कम खर्ची पडते. पण याच समुद्रात एक बेट असं आहे, की जिथं बोटीवाचून फारसं काही अडत नाही. बेटाचं नाव बोनेअर. आपली अनेक मुलंबाळं आज अमेरिकेत आणि युरोपात आहेत. त्यांच्यापैकी कुणाला हा छंद असेल, किंवा त्यांच्याकडे जाताना तुम्हालाच हा बेत आखायचा असेल, तर आजची माहिती उपयोगी पडावी.

बोनेअर व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ जेमतेम २८८ चौरस किलोमीटर. १० ऑक्टोबर २०१० पासून हे बेट नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, पण तिथं चलन चालतं ते अमेरिकन डॉलरचं. ॲमस्टरडॅमहून आणि अमेरिकेतल्या काही शहरांहून थेट विमानं आहेत. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बेट नेदरलँड्सचं असलं, तरी ते शेंगेन क्षेत्रात येत नाही. तिथले व्हिसाचे नियम निराळे आहेत. तिकीट काढण्याआधी ते डच वकिलातीकडून समजून घ्यावेत.

हे बेट स्वस्त का पडतं, याचं उत्तर वाऱ्यात आहे. इथं बाराही महिने वारा मुख्यतः पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे पूर्व किनारा सतत खवळलेला आणि पश्चिमेचा किनारा वाऱ्याच्या आडोशाला, शांत. याच शांत बाजूला प्रवाळांची रांग किनाऱ्याला अगदी चिकटून आहे. पाण्यात शिरून थोडं पोहलं, की समुद्राचा तळ उतरत जातो आणि त्या उतारावरच प्रवाळ, कासवं, रंगीत मासे दिसू लागतात. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर जागोजागी पिवळे रंगवलेले दगड आहेत. त्यांवर बुडी मारण्याच्या जागांची नावं लिहिली आहेत. किनाऱ्यावरून उतरता येईल अशा पन्नासाहून अधिक जागा आहेत. पिकअप गाडी भाड्यानं घ्यायची, मागं हवेच्या टाक्या ठेवायच्या, पिवळा दगड दिसला की थांबायचं. एका जागेचं नाव आहे ‘हजार पायऱ्या’. प्रत्यक्षात त्या सत्तरच्या आसपास आहेत, पण भरलेली टाकी पाठीवर घेऊन वर चढताना नाव खरं वाटतं.

आता खर्चाचं गणित. चौघांनी मिळून जाणं सगळ्यात परवडतं. गाडी एक, स्वयंपाकघर असलेलं घर एक, म्हणजे दोन्हींचं भाडं चार जणांत वाटलं जातं. बेटावर बहुतेक धान्य, भाजी बाहेरून येते. त्यामुळे दुकानातला मालही स्वस्त नाही, पण रोज हॉटेलात जेवण्यापेक्षा घरी भात-आमटी करणं केव्हाही कमी खर्चाचं. डाळ आणि मसाले बरोबर न्यायचे असतील, तर काय नेता येतं हे आधी पाहावं. हवेच्या टाक्या एकेक करून घेण्यापेक्षा आठवड्याचा ठरावीक दर भरून हव्या तितक्या टाक्या घेण्याची सोय अनेक केंद्रांवर असते. एप्रिलच्या मध्यानंतर युरोप-अमेरिकेतल्या पर्यटकांची गर्दी ओसरते आणि घरभाडी उतरतात. पुढं कॅरिबियनमध्ये वादळांचे महिने येतात. बोनेअर मात्र वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. तरीही ते सर्वस्वी सुरक्षित आहे असं मानू नये. १९९९ मध्ये लेनी नावाचं वादळ उलट्या दिशेनं, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकलं. त्याच्या लाटांनी याच शांत किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यातल्या प्रवाळांची मोडतोड केली.

आणखी एक सूचना. पाण्यात जाताना गाडीत पाकीट, फोन, पासपोर्ट काही म्हणजे काही ठेवू नये. उभ्या गाड्यांमधून वस्तू चोरीला जातात. माहीतगार लोक गाडीचे दरवाजे मुद्दाम उघडे ठेवतात, म्हणजे निदान काच तरी फुटत नाही.

श्रोतेहो, इथवर पैसे वाचवण्याच्या गोष्टी झाल्या. पण मराठीत पैसे वाचवणं आणि जीव वाचवणं, दोन्हीला क्रियापद एकच आहे, आणि समुद्रात या दोन गोष्टींची गल्लत करून चालत नाही. बोट नसते तेव्हा नुसतं भाडं वाचत नाही. बोटीवरचा वाटाड्या नसतो. आज समुद्र कसा आहे हे सांगणारा तांडेल नसतो. वर आलेल्यांची डोकी मोजणारं कुणी नसतं. ही सगळी कामं तुमच्या अंगावर येतात. स्वस्ताईची खरी किंमत ही आहे.

म्हणून पहिली गोष्ट शिक्षणाची. मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून मारलेली बुडी हा सुंदर अनुभव आहे, पण ते प्रशिक्षण नव्हे. बोनेअरमध्ये जोडीदाराबरोबर स्वतंत्रपणे उतरायचं, तर रीतसर अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र लागतं. ते आपल्याकडेही मिळवता येतं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. बेटावर पोचल्यावरही प्रत्येकाला नियमांची माहिती घ्यावी लागते आणि ठरलेल्या जागी एक चाचणीची बुडी मारावी लागते. सवय सुटली असेल, तर त्या दिवशी प्रशिक्षक घ्यावा. ते पैसे वाया जात नाहीत.

दुसरी गोष्ट खोलीची. १२ सप्टेंबर १९८४ रोजी ‘हिल्मा हूकर’ नावाचं मालवाहू जहाज या किनाऱ्याजवळ बुडालं. त्याआधी त्यात लपवलेला गांजा सापडल्यानं ते अडकवून ठेवलं होतं. आज किनाऱ्यावरून पोहत त्याच्यापर्यंत जाता येतं, तेही फुकट. पण त्याचा तळ जवळजवळ ३० मीटरवर आहे आणि प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, म्हणजे तीच टाकी पृष्ठभागावर पुरेल त्याच्या पाव वेळ पुरते. जहाज जवळ आहे म्हणून ते आपल्या आवाक्यातलं आहे, असं नाही.

पाण्यात शिरण्याआधी पाच मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून लाटा पाहाव्यात. प्रवाह कुठून येतो ते बघून जाताना त्याच्या विरुद्ध जावं, म्हणजे दमल्यावर परतीला तोच मदत करतो. टाकी अर्धी होण्याआधी मागं फिरावं. आपण कुठं उतरतोय आणि किती वाजता परतू, हे घरी कुणाला तरी सांगून ठेवावं. आणि पाणबुडीच्या अपघातांचा स्वतंत्र विमा उतरवावा, कारण साध्या प्रवासविम्यात तो नेहमीच असतो असं नाही.

अनेकांना खटकतं ते शुल्क. बेटावर येणाऱ्या पर्यटकाला ७५ डॉलर प्रवेशकर आहे, आणि समुद्रात उतरायला निसर्गशुल्क वेगळं. समुद्राचे कसले पैसे, असं वाटतं खरं. पण इथला इतिहास बोलका आहे. १९७९ मध्ये इथं सागरी उद्यान स्थापन झालं. सुरुवातीचं अनुदान संपलं आणि काही वर्षं ते केवळ कागदावर उरलं. १९९२ पासून पाणबुड्यांकडून वर्षाला १० डॉलर घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा रखवालदार, बोटी, देखरेख सगळं पुन्हा उभं राहिलं. आज ही रक्कम वाढली आहे आणि गरजही वाढली आहे. २०२३ मध्ये टणक प्रवाळांना मारणारा एक रोग बोनेअरमध्ये सापडला, आणि त्याच सुमारास पाणी तापल्यानं प्रवाळ पांढरे पडले. म्हणून आपलं साहित्य निर्जंतुक करून घ्यावं. हातमोजे तिथं मना आहेत, आणि ते योग्यच आहे. हात उघडा असला, की माणूस कशालाही धरायला जात नाही.

शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. अनेक दिवस बुड्या मारल्यावर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात बसण्याआधी निदान १८ तास, आणि शक्य तर पूर्ण दिवस, पाण्यात जाऊ नये. त्या दिवशी बेटाच्या दक्षिणेला जावं. तिथं मिठागरं आहेत, रोहित पक्षी आहेत आणि समुद्राकाठी गुलामांच्या बुटक्या दगडी खोपट्या आहेत. १८५० च्या सुमारास बांधलेल्या त्या खोपट्यांत मिठागरांवर राबणारी माणसं झोपत असत. दारं इतकी ठेंगणी, की आत शिरताना वाकावंच लागतं. ज्या किनाऱ्यावर आपण हौसेनं उतरलो, तिथं कुणी काय सोसलं, हे पाहिल्याशिवाय परत येऊ नये. त्याला तिकीट नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)