जोड दिसू द्या
(जळगावच्या तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



14 एप्रिलला आपल्या प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी एक बॅनर लागतो. मधे बाबासाहेब, एका बाजूला जोतीराव, दुसऱ्या बाजूला शाहू महाराज. खांद्याला खांदा लावून उभे. वर बुद्ध. खाली आपले पन्नास कार्यकर्ते, निम्मे गॉगल लावलेले. आता मला सांगा, हा फोटो खरा का खोटा?

जोतीराव गेले 28 नोव्हेंबर 1890 ला. बाबासाहेब जन्मले 14 एप्रिल 1891 ला. मधे साडेचार महिने. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. शाहू महाराज आणि बाबासाहेब मात्र मार्च 1920 मधे माणगावच्या परिषदेत एका मंचावर होते. म्हणजे बॅनरवरची एक भेट झालेली आणि एक कधीच न झालेली. तरी त्या बॅनरला कोणी खोटं म्हणत नाही. कारण बघणाऱ्या म्हातारीलाही ठाऊक असतं की हे जोडलेलं आहे. हे तिघं एका दिवशी एका स्टुडिओत उभे होते असा बॅनरचा दावाच नाही. ह्यांची वाट एक, एवढंच तो सांगतो. जोड उघडी आहे, म्हणून त्यात फसवणूक नाही.

आज मी ह्या जोडीवरच बोलणार आहे. फोटोशॉप, मोबाईलवरची ॲपं आणि आता आलेलं एआय. तुम्ही म्हणाल, हा गोदीतला हमाल, कविता करणारा, ह्याला कॉम्प्युटरचं काय? दोस्तांनो, ज्या हत्याराची आपल्याला ओळख नसते तेच आधी आपल्यावर चालतं. म्हणून ओळख करून घेऊ.

थॉमस आणि जॉन नॉल ह्या दोन अमेरिकन भावांनी हा प्रोग्रॅम लिहिला. अडोबी कंपनीने 1990 मधे तो फोटोशॉप नावाने बाजारात आणला. त्यातलं मूळ काम सोपं आहे. काचेवर काच ठेवावी तसे थर रचायचे, त्यांना लेयर म्हणतात. एका थरावर माणूस, दुसऱ्यावर भिंत, तिसऱ्यावर आभाळ. कुठल्या थराचा कुठला भाग दिसू द्यायचा, कुठला झाकायचा, ते मास्क ठरवतो. मग क्लोन. अंगण सारवतात तसं शेजारची भिंत उचलून माणसावर सारवायची. माणूस गेला, भिंत शाबूत. सावलीची दिशा जुळवली, उजेड जुळवला, की सांधा बुजला. 2023 पासून तर फोटोशॉपमधेच दोन शब्द टाईप करायचे, मशीन रिकाम्या जागेत हवं ते चित्र भरून देतं. जे काम करायला कारागिराला दिवस लागायचा ते आता चहा येईपर्यंत होतं.

पण ही कला मशीनने शोधली असं समजू नका. इंग्लंडमधे रेजलँडर नावाच्या माणसाने 1857 मधे तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच फोटो केला होता. आणि लांब कशाला जायचं? आपल्या चाळीसगावात केकी मूस होते. 1912 चा जन्म, 1989 ला गेले. स्टेशनजवळच्या बंगल्यात जवळपास पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेतलेला हा पारशी माणूस टेबल-टॉप फोटोग्राफी करायचा. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, हवा तसा उजेड पाडायचा, आणि असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला वाटावं, डोंगर आहे, रात्र आहे, रान आहे. तो बंगला आज संग्रहालय आहे, जाऊन बघा. मूस ह्यांनी जगाला फसवलं नाही. हे टेबलावर रचलंय असं उघड सांगितलं, आणि लोकांनी त्या रचण्यालाच दाद दिली.

म्हणजे जोडणं हा गुन्हा नाही. गुन्हा कधी होतो? जोड लपवून कोणाचा तरी जीव, अब्रू किंवा इतिहास काढून घेतला जातो तेव्हा.

पहिला प्रकार, पुसणं. रशियात स्टालिनच्या शेजारी कालव्याच्या काठावर उभा असलेला येझोव हा बडा अधिकारी. 1940 मधे त्याला गोळी घातली आणि फोटोतूनही काढला. त्याच्या जागी पाणी रंगवलं. हे वाचून आपल्याकडचे विद्वान हळहळतात. त्यांना विचारा, गावाचा फोटो काढताना गावकुसाबाहेरचं काय चौकटीत येत होतं? आम्हाला पुसायला ह्या व्यवस्थेला कॉम्प्युटर लागला नाही. आम्हाला चौकटीतच घेतलं नव्हतं.

दुसरा प्रकार, रंग बदलणं. जून 1994. अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन ह्या काळ्या खेळाडूवर खुनाचा आरोप आला. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो टाईम आणि न्यूजवीक ह्या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात कव्हरवर छापला. न्यूजवीकने होता तसा. टाईमने त्याची कातडी आणखी काळी केली, कडा अंधारात बुडवल्या. दोन्ही कव्हरं शेजारी ठेवली तेव्हा सगळ्यांना दिसलं की खटला सुरू व्हायच्या आधी शाईनेच निकाल लावला. काळा म्हणजे गुन्हेगार.

आता आपल्याकडे या. फ्लेक्सच्या दुकानात पोरगा फोटो देतो. डिझायनर न विचारता त्याचं तोंड उजळ करतो. नाही केलं तर पोरगाच म्हणतो, "भाऊ, जरा गोरा कर ना." त्यांनी काळा केला तो गुन्हेगार दाखवायला, आपण गोरे होतो ते साहेब दिसायला. दोन्हीकडे कायदा मनूचाच. उन्हात रापलेलं तोंड, केळीच्या बागेत राबलेलं तोंड, आईने दिलेलं तोंड माऊसच्या एका टिचकीने पुसतोस आणि वर जयभीम लिहितोस? बाबासाहेबांचे फोटो बहुतेक कृष्णधवल. कोटाला निळा रंग लोकांनी प्रेमाने भरला, भरू द्या, तो आपला झेंडा आहे. पण तोंड गुलाबी गोरं कोणी केलं आणि कशासाठी, हे विचारा.

तिसरा प्रकार, आणि ह्याच्यात रक्त आहे. 2 जून 2014, पुण्याचं हडपसर. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे ह्यांची विटंबना करणारी, बनवलेली चित्रं फेसबुकवर आली. गावात झुंडी फिरल्या. नमाज पढून घरी निघालेल्या एका मुसलमान तरुणाला मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. चित्र बनवणारा कुठे, मेला कोण?

आणि आपलं खानदेश. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षेवर पोट भरणारी, भटकी. पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीत कोंडून ठेचली. पाची मेले. त्या दिवसांत देशभर मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यातून पोर उचलून नेतात. तो व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात. शेवटी ते दोघे पोर परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारी पाटी दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. नवं काही जोडलं नाही, रंग भरला नाही, फक्त कात्री. त्या वर्षी अशा अफवांनी देशात कितीतरी जीव घेतले. आणि मेले कोण? बहुतेक भटके, भिकारी, परके, ज्यांच्या बाजूने बोलायला गावात कोणी नसतं.

त्याच्या तीन आठवडे आधी जामनेर तालुक्यात वाकडीला मातंग समाजाच्या पोरांना विहिरीत पोहले म्हणून नागडं करून मारलं. तो व्हिडिओ खरा होता, देशाने बघितला. पण आपल्याही लोकांनी तो पोरांच्या उघड्या तोंडांसकट पुढे ढकलला. इथे सॉफ्टवेअर वापरायला हवं होतं. चेहरा धूसर करायला अर्धं मिनिट लागतं. बालन्याय कायदा, 2015, कलम 74 सांगतं की अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करायची नाही. कायदा राहू द्या, ते पोर उद्या शाळेत जाणार आहे. अशा वेळी फोटो बदलणं हीच माणुसकी.

आता आपल्या घरातलं बोलतो. 31 जुलै 1937 ला बाबासाहेब एका खटल्याच्या कामाने धुळ्याला आले होते, लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दर 31 जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. समजा, आपल्यातल्या एखाद्या पोराने एआयला सांगितलं, बंगल्याच्या पायरीवर बसलेले बाबासाहेब दे. मशीन देईल. पिवळट कागद, चुरगळलेला कोपरा, सगळं देईल. पोरगा प्रेमाने टाकेल, हजारो लोक छातीशी धरतील. पाच वर्षांनी कोणी सनातनी उठेल आणि सिद्ध करेल की फोटो बनावट आहे. ते खरंच असेल. मग तो पुढची पायरी चढेल: मुक्कामही बनावट, खटलाही बनावट, तुमचा सगळा इतिहासच असा. काय उत्तर द्याल? ज्यांच्याकडे वाडे आहेत, दप्तरखाने आहेत, त्यांना एक खोटा फोटो पचतो. आपल्याकडे कागद आधीच थोडे. त्यात एक खोटा घातला की सगळ्या खऱ्यांची पत जाते.

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006. ते फोटो हातोहात फिरले आणि नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आले. फोटो होता म्हणून तोंड दाबता आलं नाही. आज तसा फोटो आला तर समोरचा पहिलं वाक्य बोलेल, "एआयने केलंय." त्याच्या तोंडात हे वाक्य आपण घालायचं का?

गोदीत कंटेनर उतरला की आधी सील बघतात. सीलचा नंबर कागदाशी जुळला तर माल पुढे. सील तुटलेलं असलं तर आत सोनं असो, बाजूला ठेवा. फोटोचंही सील असतं. मूळ फाईलमधे तारीख, वेळ, कॅमेरा नोंदलेला असतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात की ती नोंद गळते आणि फाईल बारीक होते. म्हणून अत्याचाराच्या जागी फोटो काढाल तेव्हा मूळ फाईलला हात लावू नका. कापायचं, उजळायचं, चेहरा झाकायचा तो नकलेवर. मूळ फाईल दोन ठिकाणी जपून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा देताना प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात फाईलचा हॅश लिहायचा असतो, म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. हे शिकून घ्या. प्रत्येक तालुक्यात दोन पोरं, दोन पोरी ह्यात तयार पाहिजेत.

मग फोटोशॉप सोडून द्यायचं का? मुळीच नाही. जर्मनीत जॉन हार्टफील्ड होता. बाबासाहेबांच्याच साली, 1891 ला जन्मलेला. त्याने 1932 मधे हिटलरच्या छातीचा एक्स-रे केला, आणि आत पाठीच्या कण्याच्या जागी सोन्याची नाणी रचली. भांडवलदारांचा पैसा खाऊन हा ओकतोय काय, ते एका चित्रात दाखवलं. हा खरा एक्स-रे आहे असं कोणालाही वाटलं नाही, आणि तरी तो हिटलरच्या कुठल्याही फोटोपेक्षा खरा होता. 1933 मधे त्याला देश सोडून पळावं लागलं. कात्रीला एवढी भीती वाटली त्यांना.

तशी कात्री चालवा. मंत्र्याच्या सत्काराच्या फोटोत गटारात उतरलेला कामगार आणून उभा करा. देवळाच्या कळसाशेजारी ते बांधणाऱ्या बाईचं तोंड ठेवा, तिच्या रंगासकट. बघणाऱ्याला कळू द्या की हे तुम्ही जोडलंय, का जोडलंय, आणि खाली स्वतःचं नाव लिहा. चित्र असेल तर चित्र म्हणा, पुरावा असेल तर पुरावा म्हणा, दोघांची गल्लत करू नका.

त्यांनी हजारो वर्षं जोड लपवली. माणसामाणसात कापाकापी केली आणि वर सांगितलं की हे देवानेच असं घडवलंय. आपलं काम त्या शिवणी उसवून दाखवायचं आहे. ते करायला बसलेल्या माणसाने स्वतः चोरटी शिवण घालू नये.

जयभीम.